पन्हाळ्यावरची एक रात्र आणि सात वाजता उघडणारं गेट

पन्हाळगडावर हॉटेल, लॉज, रिसॉर्ट आणि घरगुती निवास चालवणाऱ्या सर्वांना,

स.न.वि.वि.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण पाकिटात घालून एकदा पाठवून झालं. गडावरून परत आल्यावर मी जिथे उतरले होते त्या हॉटेलच्या मालकांना दोन पानांचं पत्र पोस्टाने धाडलं. सहा आठवडे झाले, उत्तर नाही. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, ‘ते तसेच आहेत हो, पुढच्या वेळी आमच्याकडे या’ म्हणतात. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी गडावरची तीन दारं वाजवली होती. तिन्हीकडे अनुभव उन्नीस-बीस.

आधी मी कोण ते सांगते. मी ३१ वर्षं एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. दर डिसेंबरात एस.टी.ची गाडी ठरवून पोरं घेऊन आम्ही जोतिबा-पन्हाळा करायचो. सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळा. अंबरखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंधारबाव, मग बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी डबे सोडायचे, पाचला शिट्टी, सहाला गाडी. एवढ्या वर्षांत गडावर सूर्य मावळलेला मी पाहिला नव्हता. पन्नास पोरांची मोजणी करणाऱ्या बाईला सूर्य कुठे दिसतो?

एका सहलीत शिट्टी वाजवल्यावर आठवीतली एक मुलगी राजदिंडीच्या, म्हणजे शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले त्या वाटेच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, “बाई, महाराज रात्री निघाले ना? मग रात्री इथून कसं दिसत असेल?” मी म्हटलं, “अंधार दिसत असेल. चल, गाडीत बस.” उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते शिक्षकाचं नव्हतं. मला ते बरीच वर्षं टोचत राहिलं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आषाढात एक रात्र गडावर काढायची. पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या पोरांबरोबर जाण्याचे गुडघे राहिले नाहीत. पण बसून अंधार बघायला गुडघे लागत नाहीत.

आता तुमच्या धंद्याविषयी माझी समजूत सांगते, चुकत असेल तर दुरुस्त करा. कोल्हापूर इथून २० किलोमीटर. तिथे हव्या त्या दराच्या खोल्या मिळतात, रात्री उशिरापर्यंत जेवण मिळतं, रंकाळा आहे, अंबाबाई आहे. म्हणजे नाइलाजाने पन्हाळ्यावर मुक्काम करावा लागला असा माणूस फार क्वचित. जो राहतो तो गडासाठी राहतो. आणि या गडाच्या मोठ्या गोष्टी रात्रीच्या आहेत. चार महिने सिद्दी जौहरचा वेढा, राजापूरच्या इंग्रजांनी आणलेल्या तोफा, आणि मग १२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात पालखी निघाली. त्याच रात्री नेबापूरचा शिवा काशिद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला, ते परत न येण्यासाठी. पुढे १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या ६० माणसांनिशी गड परत घेतला, तोही रात्री. दिवसाचा पन्हाळा कुणालाही बघता येतो. रात्रीच्या पन्हाळ्याची किल्ली तुमच्याकडे असते. खोलीचं भाडं आम्ही त्या रात्रीसाठी भरतो, गादी आणि गीझरसाठी नव्हे. माझी सगळी तक्रार या एका वाक्याभोवती आहे.

आता घडलं ते क्रमाने.

पहिल्या ठिकाणी मी फोनवरून खोली सांगून ठेवली होती. एक खोली, एक रात्र, एक माणूस, असं स्पष्ट सांगून पाचशे रुपये आगाऊ भरले होते. कोल्हापुरातून वडापच्या जीपने वाघबीळ, तिथून दुसरी गाडी. चार दरवाजाच्या जागेपाशी येईपर्यंत धुकं इतकं उतरलं की गाडीवाला दिवे लावून, हॉर्न वाजवत वळणं घेत होता. संध्याकाळचे साडेपाच. काउंटरवरचा तरुण माझ्याकडे बघायच्या ऐवजी माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

“सोबत कोण?”

“कोणी नाही.”

“मागून येणारेत का?”

“नाही.”

“मॅडम, सिंगल लेडीजला आम्ही रूम देत नाही.”

“फोनवर मी सांगितलं होतं, एक माणूस म्हणून.”

“तेच ना. माणूस म्हणालात तुम्ही.”

मराठी भाषेचा हा बारकावा ३१ वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता, त्याबद्दल त्या मुलाचे आभार. पाचशे रुपये ‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू’ म्हणून तिथेच राहिले. ते अजून तिथेच आहेत.

दुसऱ्या ठिकाणी पायरीवरच विचारणा झाली आणि पायरीवरच नकार मिळाला. तिथले गृहस्थ निदान कारण तरी बोलले. एकटी माणसं येतात, खोलीत काही बरंवाईट करून घेतात, मग पोलीस आमच्या मागे लागतात. हे कारण मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी असं काही पाहिलं असेल, त्यांच्या आवाजात ते होतं. पण साठीच्या बाईला धुक्यात, अंधार पडताना, पिशवी हातात घेऊन परत रस्त्यावर लावल्याने तिचं बरं कसं होणार होतं, हे मात्र मला कळलं नाही.

तिसऱ्या ठिकाणचे मॅनेजर सौजन्याने वागले आणि सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचंच. म्हणाले, “घरातल्या कुणा जेंट्सशी बोलणं करून द्या, मग देतो.” माझे यजमान हयात नाहीत. मी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो चोवीस वर्षांचा आहे, त्याची बाराखडी मी घोटून घेतलेली आहे. मॅनेजर फोन घेऊन बाजूला गेले. दोन मिनिटांनी परत येऊन किल्ली दिली. “झालं, ते हो म्हणाले.” माझ्या निवृत्तिवेतनाचे पैसे, माझं ओळखपत्र, माझी रात्र, आणि मंजुरी भाच्याची.

मंडळी, तुमच्याच गडावर ताराराणींचा वाडा आहे. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या आणि समोर औरंगजेब होता. त्यांनी राज्य हाती घेताना ‘घरातल्या कुणा जेंट्सशी बोलणं करून द्या’ असं कुणी म्हणाल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आणि बाईंचा तास घेतल्याशिवाय मला राहवणार नाही, तर ऐका. भारतीय संविधानाचं कलम १५, पोटकलम २. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे प्रवेशाला आडकाठी करता येत नाही. ‘हॉटेल’ हा शब्द तिथे लिहिलेला आहे. मी तो फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढत असे. पोरं विचारायची, “बाई, हॉटेलचं कशाला लिहिलंय एवढं?” आता सांगता येईल.

किल्ली मिळाल्यावर आधारकार्ड. ओळखपत्र मागणं तुमचं काम आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण काउंटरवरच्या मुलाने ‘माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो टाका’ म्हणून स्वतःचा नंबर दिला. हॉटेलचा नव्हे, स्वतःचा. त्याच्या मोबाइलमध्ये त्या दिवशी उतरलेल्या सगळ्यांची आधारकार्डं, त्याच्या मित्रांचे फोटो आणि क्रिकेटच्या क्लिपा एकाच गॅलरीत होत्या, मला शोधून दाखवताना त्याने अंगठ्याने सरकवल्या म्हणून दिसल्या. बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात असं झाकलेलं आधारही शासनाने दिलेलं आहे. ते मी दाखवलं तर “हे चालत नाही, यात नंबर कुठंय?” म्हणाला. मग मी मतदार ओळखपत्र काढलं आणि वहीत नोंद करायला लावली. वही सापडायला वेळ लागला.

खोलीबद्दल थोडक्यात. फोटोत दरी होती, खिडकीत सिंटेक्सची टाकी होती. पावसाळ्यात भिंतीला ओल येणार हे मला कळतं, गडावर ती येणारच. पण न्हाणीघराची कडी तुटलेली आणि तिच्या जागी खिळ्याला बांधलेली सुतळी, हे पावसाने केलेलं नाही. ती सुतळी जुनी होती, हातांनी काळी पडलेली. म्हणजे माझ्याआधी कित्येकांनी ती ओढून धरत अंघोळ केली असेल, आणि सकाळी किल्ली परत देताना कुणी काही बोललं नसेल. आम्हा पाहुण्यांचाही यात दोष आहेच. एक रात्र तर काढायची, म्हणून आपण सोडून देतो.

साडेआठला जेवायला खाली उतरले तर स्वयंपाकघर बंद व्हायच्या बेतात. ज्या गडावर एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं असं मी पोरांना सांगत आले, तिथे मला रात्री डाळ-भात मिळाला, तोही शेवटचा म्हणून. जाऊ दे, पोट भरलं.

नऊनंतर ज्यासाठी आले होते ते सुरू व्हायला हवं होतं.

सुरू झालं ते वेगळंच. हिरवळीवर पंधरा-एक जणांचा घोळका, ताडपत्रीखाली एक कमरेएवढा स्पीकर. दहा वाजले, साडेदहा, अकरा. मी खिडकीत बसून मनातल्या मनात १६६० लावायचा प्रयत्न करत होते. सहाशे माणसं पावलांचा आवाज होऊ न देता, चिखलातून, डोक्यावर पाऊस घेत वेढ्याच्या जवळून कशी सरकली असतील? त्या रात्री एक घोडा खिंकाळला असता तर? माझ्या खिडकीची काच दर ठोक्याला थरथरत होती. त्या थरथरीत घोडा काय, हत्ती ओरडला असता तरी कळलं नसतं.

सव्वाअकराला खाली गेले. मॅनेजर घरी गेलेले. त्या घोळक्यातल्या एकाला सांगितलं, तो लगेच “सॉरी काकू” म्हणून आवाज कमी करून आला. दहा मिनिटांत दुसऱ्या कुणीतरी तो परत वाढवला. दीडला थांबलं. मी त्या पोरांना बोल लावत नाही. त्यांना खोल्या देताना, पैसे घेताना, ‘इथे दहानंतर आवाज चालत नाही’ असं कुणी सांगितलंच नव्हतं. उलट ‘म्युझिक अलाऊड’ असं सांगूनच बुकिंग घेतलं होतं, ही माहिती त्या ‘सॉरी काकू’वाल्यानेच दिली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तुमच्या हॉटेलांच्या पाठीला पाठ लावून गडावरच्या लोकांची घरं आहेत, त्यात शाळेला जाणारी पोरं झोपतात. त्यांना तर दर शनिवारी हेच.

झोप गेलीच होती, म्हणून जिन्यात बसले. रात्रपाळीचा मुलगा तिथेच सतरंजी टाकून होता. गडाखालच्या वाडीतला, अठरा-एकोणीसचा. त्याच्याशी बोलताना माझी रात्र पहिल्यांदा गडावर आली म्हणा ना. त्याने विचारलं, “राजदिंडी बघितली काय मॅडम?” म्हटलं, दिवसा, तीसेक वेळा. “दिवसा न्हवं. पहाटे पाचला बघायची. धुकं खालनं वर येतंय. मसाईच्या पठारापतूर काय बी दिसत न्हाई, आन् मग एकदम दिसतंय.” त्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हा पोरगा असं सतरंजीवर बसून देत होता. मी त्याला पाचला दार वाजवायला सांगितलं.

पाचला त्याने दार वाजवलं. मी कानटोपी, काठी, विजेरी घेऊन तयारच होते. गेटपाशी आलो आणि त्याने कपाळावर हात मारला. गेटला कुलूप. किल्ली साहेबांकडे. साहेब सातला येतात.

“फोन लाव की.”

“उचलत न्हाईत मॅडम एवढ्या पहाटे.”

मी पाच वाजून दहा मिनिटांपासून सातपर्यंत त्या गेटशी उभी होते. मधेमधे खुर्चीवर बसले, पण बहुतेक उभीच. गजांना हात लावला की गार पाणी मनगटावर उतरायचं. धुकं गजांमधून आरामात आत-बाहेर करत होतं. बाहेर कुठेतरी कोंबडा आरवला, एक दुधाची गाडी गेली. आकाश काळ्याचं निळसर झालं, निळसरचं राखी, राखीचं पांढरं. ज्या वेळेसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा या गडावर झोपले होते, किंवा झोपले नव्हते म्हणा, ती वेळ माझ्यासमोरून अशी गेली. जौहरच्या चार महिन्यांच्या वेढ्यातून सहाशे माणसं निसटली त्या गडावर मला एका नवताल कुलपाने अडवलं. गडाचा चार दरवाजा इंग्रजांनी १८४४ च्या उठावानंतर पाडून टाकला. तुमचं गेट मात्र शाबूत आहे.

इथपर्यंत हा एका म्हातारीचा हिरमोड आहे, तेवढाच धरला तरी चालेल. पण उभ्याउभ्या मी खोल्या मोजल्या. अकरा. माणसं तीस तरी. बाहेर पडायला तेच एक गेट. रात्री आग लागली, कुणाच्या छातीत दुखलं, बाळाला ताप चढला, तर तीस माणसं आणि एक सतरंजीवरचा पोरगा यांनी काय करायचं? गेट चोरांसाठी लावता हे ठीक. मग किल्ली आत राहायला हवी, बाहेर नव्हे. हे सांगायला इतिहास शिकवलेला असावा लागत नाही.

सातला साहेब आले. “फोन करायचा ना मॅडम,” म्हणाले. राजदिंडीला पोचले तोवर पावणेआठ. छान होतं. पण ते मी शिट्टी वाजवतानाही पाहिलं होतं.

परतताना तीन दरवाजाजवळ एक मावशी चूल पेटवत होत्या. झुणका-भाकरीला वेळ होता, चहा मिळाला. त्यांनीही तोच प्रश्न विचारला जो तिन्ही दारांत ऐकला होता. “एकट्याच आलासा व्हय?” म्हटलं, हो. “बरं केलासा. बसा, थंडी हाय.” आणि चुलीजवळचा पाट सरकवला. चहाचे दहा रुपये घेतले. पाहुण्याला कसं घ्यायचं हे शिकवायला तुम्ही बाहेरून कुणी तज्ज्ञ आणणार असाल, तर आधी तीन दरवाजापर्यंत चालत जाऊन या.

बिलाचं राहिलं. कोऱ्या कागदावर रक्कम, खाली ‘टॅक्स’ म्हणून वेगळी रक्कम, जीएसटी क्रमांक कुठेच नाही. क्रमांक नसेल तर कर घेता येत नाही. क्रमांक असेल तर तो बिलावर छापा. मी विचारल्यावर कराची रक्कम खोडली गेली, म्हणजे उत्तर काय ते मला मिळालं. जे विचारत नाहीत ते भरतात.

तुमच्या बाजूचं मला काहीच दिसत नाही असं समजू नका. २०२१ च्या पावसाळ्यात गडाचा रस्ता खचला तेव्हा तुमचे धंदे बसले होते. पावसाळ्यात धुक्याने खोल्या कुबट होतात, उन्हाळ्यात पाण्याची ओढ, शनिवार-रविवारी रेटारेटी आणि मंगळवारी चिटपाखरू नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतली जिंजी. त्यात पन्हाळा आला तेव्हा गडावरच्या लोकांच्या मनात आनंदाबरोबर धाकधूकही होती, आपली घरं, आपले व्यवसाय यांचं काय होणार म्हणून. ती धाकधूक रास्त आहे. माझं मत विचाराल तर गडावर माणसं राहिली पाहिजेत, हॉटेलंही राहिली पाहिजेत. त्या बारांमध्ये तटाच्या आत रीतसर खोली घेऊन झोपता येतं अशा जागा फार थोड्या असतील. ही तुमच्याकडची मोठी गोष्ट आहे. पण उद्या कुणी म्हणालं की वारशाच्या जागेत हॉटेलं कशाला, तर तुमच्या बाजूने बोलायला आम्ही पाहुणेच उभे राहणार ना? सुतळीची कडी आणि दीडपर्यंतचा स्पीकर घेऊन तुमची बाजू मांडायची कशी?

म्हणून मागण्या. फार नाहीत, आणि बहुतेकांना पैसाही लागत नाही.

एकट्या बाईला, एकट्या पुरुषाला, कुणालाही एकटं आहे म्हणून परत लावू नका. भीती वाटत असेल तर येणाऱ्या प्रत्येकाकडून, जोडपं असो, कुटुंब असो, टोळकं असो, घरच्या एका माणसाचा नंबर वहीत लिहून घ्या. तो अडचणीला वापरा, परवानगीला नको. आणि फोनवर एकदा खोली दिली की दारात नाकारू नका. नाकारलीत तर आगाऊ घेतलेले पैसे तिथल्या तिथे परत.

ओळखपत्र वहीत नोंदवा. कामाच्या मुलांच्या खासगी मोबाइलवर ते मागवणं आजपासून बंद. झाकलेलं आधार स्वीकारा.

रात्री दहाला स्पीकर बंद, हे बुकिंग घेतानाच सांगा, आणि दहाला बंद करायला जबाबदार माणूस जागेवर ठेवा. रात्रपाळीच्या पोराच्या जिवावर हे सोडू नका. पंधरा जणांच्या टोळक्याला तो काय सांगणार? त्याला झोपायला सतरंजीऐवजी एक खाट दिलीत तर ती माझ्याकडून जास्तीची मागणी समजा.

गेटची किल्ली रात्रभर आत राहील, आणि पाहुणा कोणत्याही वेळी बाहेर पडू शकेल. यात मला काहीही तडजोड नको आहे.

प्रत्येक दाराला आतून लागणारी कडी हवी. बिल छापील, क्रमांकासह.

शेवटची मागणी थोडी माझी स्वतःची. प्रत्येक हॉटेलात एक कागद लावा. पहाटे राजदिंडीला पायी किती वेळ लागतो, वाट कुठून आहे, विजेरी घ्या, निसरडं कुठे आहे, कड्याशी कुठे जाऊ नका. लिहायला कुणी मिळत नसेल तर मी लिहून पाठवते. नाहीतर त्या रात्रपाळीच्या मुलाला विचारा, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमच्यापैकी जे हे सगळं आधीपासून पाळतात, आणि तसे असणारच, त्यांनी मला जरूर कळवावं. त्यांची नावं मी उघड घेईन, माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगेन. त्यांतले बरेच आता स्वतःच्या पोरांना घेऊन गड बघायला येतात आणि संध्याकाळी सहाला परत जातात. त्यांना ती सवय मीच लावली आहे.

येत्या आषाढात मी पुन्हा येणार आहे. पुन्हा एकटीच. भाच्याचा फोन त्या दिवशी बंद असेल, तसं त्याला सांगून ठेवलंय. माझी खोली आत्ताच सांगते: एक बाई, एक रात्र, पहाटे पाचला बाहेर.

पाचशे रुपये आगाऊ जमा आहेतच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका